बाईचं मत पाहिजे, पण बाईचं मत नको!

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. वाचून झाली की मोबाईल घरातल्या बायकांच्या हातात द्या. लिहिलंय त्यांच्यासाठी, भांडण मात्र आपल्या बाप्यांशी आहे.

विधानसभेचा निकाल लागल्यापासून आपल्या भागात एक वाक्य फार स्वस्त झालंय. चहाची टपरी असो, सलून असो, तालमीचा कट्टा असो. "बायका पंधराशेवर गेल्या." म्हणणारा असं म्हणतो आणि हसतो. ऐकणारेही हसतात. शेजारून भाजीची पिशवी घेऊन जाणारी बाई ऐकते आणि मान खाली घालून पुढं जाते.

मला या हसण्याचा राग आहे.

कर्जमाफी झाली तेव्हा कुणी म्हणालं का, की शेतकरी विकला गेला? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं वीजबिल माफ झालं, तेव्हा कुणी कट्ट्यावर हसलं का? त्याला आपण धोरण म्हणतो. पुरुषाच्या नावावर आलं की धोरण आणि बाईच्या खात्यावर आलं की लाच, हा कुठला हिशोब? निवडणुकीच्या आठवड्यात रात्री जेवणावळी कोण झोडतं, धाब्यावर कुणाच्या गाड्या लागतात, हे कळंब्यात कुणाला सांगायला पाहिजे?

'लाडकी बहीण' योजनेची तरफदारी करायला मी बसलेलो नाही. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर होते, जुलैपासून लागू होते आणि २० नोव्हेंबरला मतदान. ही वेळ साधलेली होती हे शाळकरी पोरालाही कळतंय. तिजोरीला झेपतंय का, कुणाची नावं आत आली, कुणाची नंतर गळाली, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. मताबद्दल, सत्तेबद्दल, गावच्या पैशाबद्दल बाईला दुसरं काही शिकवायला तुम्ही तिच्या दारात कधी गेला होता का?

आकडे बघा. २०१९ च्या विधानसभेला राज्यात बायकांचं मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२४ ला ते ६५ टक्क्यांच्या पुढं गेलं. पुरुषांपेक्षा जेमतेम दीड टक्का मागं. राज्यात सगळ्यात जास्त मतदान आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात झालं, ७६ टक्क्यांच्या वर. मिरवायला छान आहे. आता पुढचा आकडा. विधानसभेच्या २८८ जागांवर बायका निवडून आल्या २१. आणि आपल्या जिल्ह्यात? दहा आमदार, दहाच्या दहा पुरुष.

ताराराणीचा जिल्हा हा! कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेली ताराराणी आहे, महापालिकेच्या राजकारणात ताराराणीच्या नावाची आघाडी आहे. नाव पाहिजे, पुतळा पाहिजे, जिवंत बाई मात्र नको. रांगेत पाहिजे, सभागृहात नको. मराठीत 'मत' शब्दाचे दोन अर्थ आहेत. पेटीत पडतं ते मत, आणि तोंडानं मांडतात तेही मत. पहिलं पाहिजे, दुसरं नको, असा हा सगळा कारभार आहे.

"बायकांना राजकारण कळत नाही" हे वाक्य आजचं नाही. शंभर वर्षं जुनं आहे आणि शंभर वर्षं खोटं ठरत आलंय. १९२० साली पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची चर्चा सुरू झाली. नगरपालिकेत एक मोठा गट म्हणाला, पैसा कमी आहे, तूर्त मुलांपुरती सक्ती करू, मुलींचं पुढं बघू. तेव्हा रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्याच्या बायका रस्त्यावर आल्या. त्या वेळी त्यांच्या हातात मत नव्हतं, तरी नगरपालिकेच्या पैशाचा प्रश्न त्यांना बरोबर कळला होता. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, मुंबई कायदेमंडळानं बायकांना मताचा हक्क दिला. तोही मालमत्तेच्या अटीवर. म्हणजे ज्या बाईच्या नावावर काही नाही, तिला मत नाही. नावावर होतं किती जणींच्या?

इकडं आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं, १९१९ मध्ये बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. त्या महाराजांच्या गावात आज आपण पंधराशेचे विनोद करतो.

मग स्वातंत्र्य आलं, सगळ्यांना मत मिळालं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून काढावी लागली. कारण काय? त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असंच लिहिलं गेलं होतं. हे जास्त करून उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या राज्यांत झालं, म्हणून आपण कॉलर ताठ करायचं कारण नाही. आपल्याकडं बाईचं नाव यादीत असतं, पण बॅनरवर नवऱ्याचा फोटो तिच्यापेक्षा मोठा असतो. यादीत नाव आलं, गावात आलं नाही.

महाराष्ट्रानं १९६१ मध्ये जिल्हा परिषदेचा कायदा केला. त्यात एकही बाई निवडून आली नाही तर एक-दोघींना नेमून घ्यायची सोय होती. हळदीकुंकवाला बोलवावं तसं. आणि दोनच वर्षांत, १९६३ मध्ये, बारामती तालुक्यातल्या निंबूतनं सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून दिली. कायदा दोन म्हणत होता, गावानं सगळ्या दिल्या. साठ वर्षं झाली या गोष्टीला.

पण मला आज खास सांगायचंय ते चांदवडचं. आजच्या पोरींना हे नाव माहीत नाही, शाळेत कुणी शिकवत नाही.

नोव्हेंबर १९८६. नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं शेतकरी बायकांचं अधिवेशन घेतलं. लाखावर बायका आल्या. शेतात राबणाऱ्या, नऊवारीतल्या, भाकरी बांधून आणलेल्या. पण गर्दी जमवणं ही मोठी गोष्ट नव्हे, गर्दी आपल्याकडं कुणीही जमवतो. मोठी गोष्ट म्हणजे त्याआधी बायकांची शिबिरं झाली होती. बायकांना बसवून त्यांच्याच संसाराचा हिशोब त्यांच्यासमोर मांडला गेला. शेतात तू किती तास राबतेस? त्याची मजुरी कुठं लिहितात? जमीन कुणाच्या नावावर आहे? उद्या नवऱ्यानं टाकलं तर तुझं काय? 'चांदवडची शिदोरी' नावाची पुस्तिका त्यातूनच निघाली. याला म्हणतात मतदार-शिक्षण. यात चिन्ह नव्हतं, घोषणा नव्हती. हिशोब होता.

त्या अधिवेशनातून निर्णय झाला, की जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सगळ्या जागा बायकाच लढवणार. तीस टक्के, पन्नास टक्के ही भाषाच नव्हती. सगळ्या! मग काय झालं? जिल्हा परिषदेच्या निवडणुकाच लांबल्या, १९९२ पर्यंत. पण बायका थांबल्या नाहीत. १९८९ च्या ग्रामपंचायतींत त्यांनी पूर्ण महिला पॅनेल उभी केली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळमधलं मेटीखेडा, अशा गावांत ती निवडून आली. तिथंच न थांबता 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम झाली. शेतकऱ्यानं आपल्या हयातीत, राजीखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. विटनेरच्या पुरुषांनी ती करून दिली. कट्ट्यावर हसणाऱ्यांनी जरा विचार करावा. ते शेतकरी होते, पुरुषच होते, आणि त्यांची मिशी कुठं गळून पडली नाही.

या वातावरणातच १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा राखीव ठेवल्या. देशाची ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये लागू झाली, म्हणजे त्यानंतर. २०११ मध्ये आपल्याकडं ते प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. या काळात महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटनांनी निवडून आलेल्या बायकांना हाताशी धरून शिकवलं. ग्रामपंचायतीचं दप्तर कसं वाचायचं, ठराव कसा मांडायचा, अविश्वास आला तर काय करायचं. घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावायचं परिपत्रक २००३ मध्ये निघालं, ते गावोगाव नेलं. राखीव जागेवरच्या महिला सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, ही तरतूद कायद्यात आहे. ती का करावी लागली? कारण बाई खुर्चीवर बसली आणि स्वतःच्या डोक्यानं सही करायला लागली, की सहा महिन्यांत तिला खाली ओढायचे उद्योग गावोगाव चालायचे.

एवढा सगळा इतिहास आपल्याकडं आहे. आणि आज मतदार-शिक्षण म्हणजे काय? रांगोळी.

खरंच सांगतो, रांगोळीवर माझा राग नाही. निवडणूक आयोगाचा मतदार जागृतीचा कार्यक्रम २००९ पासून चालतो, २५ जानेवारीला मतदार दिवस होतो, अंगणवाडी सेविका आणि आशाताई राबराब राबतात. मानवी साखळी, शपथ, मेंदी, प्रभातफेरी. त्यानं टक्का वाढतो, वाढू दे. पण 'मतदान करा' एवढंच शिकवून थांबणं म्हणजे चूल पेटवायला शिकवून पीठ कुठं आहे ते न सांगणं. मत दिलं. पुढं? निवडून आलेल्याला गाठायचं कुठं, विचारायचं काय, पैसा कुठून येतो, जातो कुठं? हे शिकवणारी शिबिरं संपली आणि शपथा उरल्या.

शपथ सोपी असते. हिशोब मागायला शिकवलं की तो हिशोब द्यावा लागतो.

आता आपल्या दारातली गोष्ट. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ७ काढून बघा. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची वेगळी सभा घ्यायची आहे. घेतली तर बरं, असं नव्हे. घ्यायचीच आहे. तिथं झालेले विषय ग्रामसभेपुढं ठेवायचे आहेत. वर्षाला चार ग्रामसभा धरल्या तर चार महिलासभा. म्हणजे पाच वर्षांत वीस वेळा गावातल्या बाईला कायद्यानं बोलायची जागा दिलीय.

किती जणींना माहीत आहे? आज घरात विचारा. "आई, महिलासभेला गेली होतीस का कधी?" उत्तर काय येतंय ते बघा.

एका गावात, नाव घेत नाही, महिलासभा कशी झाली ते मी बातमीच्या निमित्तानं डोळ्यांनी पाहिलंय. शिपाई रजिस्टर घेऊन बचत गटाच्या बैठकीत आला. "वहिनी, जरा सह्या करा." बायकांनी केल्या. कशावर ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. झाली महिलासभा! कागदावर कोरम पूर्ण, ठराव मंजूर. अशी गावं किती असतील, तुम्हीच मोजा.

"अहो, बोलावलं तरी बायका येत नाहीत." हा नेहमीचा बचाव. तुम्ही सभा ठेवता कधी? सकाळी अकराला. तेव्हा कामवाली कामावर असते, नोकरीवाली बसमध्ये असते, घरातली चुलीपुढं असते. दवंडी नाही, निरोप नाही, व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री एक नोटीस. दुपारी तीनला ठेवा, नाहीतर रात्री साडेआठला ठेवा. हरिपाठाला येतात, गौरी-गणपतीत झिम्मा-फुगडीला रात्री बारापर्यंत थांबतात, टोलविरोधी आंदोलनात कोल्हापूरच्या बायका रस्त्यावर होत्या. बायका येतात. जिथं त्यांच्या येण्यानं काही फरक पडतो तिथं येतात.

"बायकांनी असले विषय काढले की घरात भांडणं होतात." होऊ देत की! भाऊबंदकीच्या वादात, सोसायटीच्या निवडणुकीत घरंच्या घरं फुटली तेव्हा कुठं गेली होती ही काळजी?

ग्रामसभेत ताकद काय असते, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाच्या ठरावानं मंत्रालय हललं. कुठल्या आमदाराच्या भाषणानं हललं नव्हतं.

आता कळंबा. तलाव आपल्या उशाला, जेल आपल्या दारात, आणि गाव वाढून वाढून शहराला चिकटलंय. जुन्या गावठाणाच्या दुप्पट-तिप्पट नवीन कॉलन्या, अपार्टमेंट. या नवीन घरांत किती जणींचं मत कळंब्यात आहे? कुणाचं माहेरी, कुणाचं सासरच्या मूळ गावी. आणि कळंब्याच्या लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं इथंच पडून. राहायचं इथं, पाणी, कचरा, रस्ता इथला, मत तिकडं. मग इथल्या पुढाऱ्यानं तुम्हाला का विचारावं? पत्ता बदलायला फॉर्म ८ लागतो, मोबाईलवरूनही भरता येतो. नवीन नावाला फॉर्म ६. अठरा पूर्ण व्हायची तारीख आता वर्षातून चार वेळा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. एवढं जरी प्रत्येक अपार्टमेंटमधल्या एकीनं बाकीच्यांना सांगितलं, तरी पुढच्या निवडणुकीत पुढाऱ्यांच्या पायाला भिंगरी लागेल.

आणि एक धोक्याची गोष्ट. हद्दवाढ. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही, आणि प्रस्ताव निघाला की यादीत कळंब्याचं नाव असतंच. हद्दवाढ हवी की नको, यावर तुमचं माझं जमेल, न जमेल. पण मोर्चे, बैठका, कृती समित्या यांत बायकांना कुणी विचारलंय का? गाव शहरात गेलं तर ग्रामपंचायत जाते, आणि तिच्याबरोबर ग्रामसभा आणि महिलासभाही जाते. महापालिकेच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण तुमच्या शहरातल्या नातेवाइकाला विचारा, कधी भरलेली पाहिलीस का? म्हणजे जी जागा आपल्या बायकांनी अजून वापरलीही नाही, ती न वापरताच हातची जायची.

आणि सभागृह गेलं की काय होतं, ते आपण बघितलंय. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. निम्म्या जागा बायकांच्या असलेली सभागृहं कुलूपबंद होती, आणि त्यावर एकही 'भाऊ' बहिणींसाठी रस्त्यावर आला नाही. संसदेनं २०२३ मध्ये विधानसभा-लोकसभेत महिला आरक्षणाचा कायदा केला, पेढे वाटले. त्यालाही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट लावून ठेवलीय. सण आज, जेवण नंतर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कळंब्यात बायकांचा एक मतदार गट उभा राहू दे. कुठल्या पक्षाचा नको, कुठल्या साखर कारखान्याच्या गटाचा नको, दूध संघाचा तर नकोच नको. वीस जणी पुरतात. अंगणवाडीतल्या, बचत गटातल्या, अपार्टमेंटमधल्या, गावठाणातल्या, सगळ्या मिळून. त्यांनी चारच गोष्टी करायच्या.

१. येत्या १ मेच्या ग्रामसभेआधी महिलासभा कधी, किती वाजता, कुठं, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारायचं. पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

२. नमुना १ मागायचा. म्हणजे गावचं अंदाजपत्रक. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर झाले, एक-एक ओळ वाचायची. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, तेही बघायचं. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर गावाचा आराखडा दिसतो. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा, ती काढून देईल.

३. घराचा उतारा काढायचा. त्यावर आपलं नाव आहे का बघायचं. नसलं तर नवऱ्याला विचारायचं, का नाही?

४. कोऱ्या रजिस्टरवर सही करायची नाही. कुणी 'वहिनी' म्हणो, 'ताई' म्हणो, 'माउली' म्हणो. आधी वाचायचं, मग सही.

यातलं काहीच क्रांतिकारक नाही. सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. चांदवडच्या बायकांपुढं असला कायदा नव्हता, तरी त्यांनी हिशोब मांडला. आपल्याकडं कायदा आहे, मोबाईल आहे, शिकलेल्या पोरी आहेत, आणि गावचा हिशोब मात्र कपाटात आहे.

पुरुषांना एवढंच सांगतो. पुढच्या वेळी कट्ट्यावर "बायका पंधराशेवर गेल्या" म्हणायची हुक्की आली, तर आधी घरी जाऊन उताऱ्यावर बायकोचं नाव लावा. मग या आणि बोला.

आणि बायकांनो, १ मेच्या आधीची ती सभा भरली आणि आत बसायला पंधराच जणी आल्या, तरी मागं हटू नका. पुढच्या वेळी तीस होतील. बातमी करायला मी येईन. सभेत बसणार नाही, बाहेर थांबेन. बाहेर येऊन काय ठरलं ते तुम्हीच सांगायचं, तुमच्या तोंडानं, तुमच्या नावानं. छापताना नवऱ्याचं नाव लागणार नाही, हा माझा शब्द.